जॉगोरीची लांबी

सोल, १३ फेब्रुवारी २०१७

ती. ओकनाम मावशी,

फोन न करता पत्र लिहितेय. मागच्या वेळी तूच म्हणालीस, "फोनवर तू नुसती हो-हो करतेस आणि ठेवला की विसरतेस. काही हवं असेल तर लिहून विचार, मी लिहून सांगीन." म्हणून लिहून विचारतेय.

मला मालिका मिळाली. अकरा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली बंद शिवले, इस्त्र्या केल्या, आता पहिल्यांदा कपड्यांची सगळी जबाबदारी माझी. सोळा भाग, जूनपासून, सोमवार-मंगळवार. गोष्ट साडेचारशे वर्षांपूर्वीची. एका बाईचा नवरा कैदेत मरतो. सरकारी कागदावर आजारानं मेला असं लिहिलेलं असतं. ही सात वर्षं कचेरीत खेटे घालते आणि शेवटी खरं काय ते वदवून घेते. बाईचं काम थाक येरिन करतेय. नाव तू ऐकलं नसशील, पण तुमच्या म्हातारीमंडळात विचार, सगळ्या ओळखतील.

दिग्दर्शक कुक पहिल्याच बैठकीत म्हणाले, "आपल्या ऐतिहासिक मालिकांत पाचशे वर्षांतल्या सगळ्या बायका एकाच शिंप्याकडून आल्यासारख्या दिसतात. अगदी शेवटच्या काळातलं वीतभर पोलकं, ती आखूड जॉगोरी, सगळ्यांच्या अंगावर चढवतात. आपण तसं करायचं नाही." मला तिथल्या तिथे उठून त्यांना वाकून नमस्कार करावासा वाटला.

तू संग्रहालयात सव्वीस वर्षं थडग्यांतून निघालेले कपडे धुतलेस, जोडलेस. त्यातली ती बाई मला हवीय, रस्ता रुंद करताना जिचं थडगं हलवावं लागलं ती. तुम्ही सगळे तिला 'रस्तावाली' म्हणायचात. ती याच काळातली ना? तिच्या जॉगोरीची मापं आणि कागदी बेतणी मिळाली तर बाकीचं मी बघते. आणि श्रेयनामावलीत 'वेशभूषा सल्लागार' म्हणून तुझं नाव घालू का?

तुझी,
सोदाम

*

हामचांग, २० फेब्रुवारी

सोदामला आशीर्वाद.

बेतणी सोबत आहे. घड्या नीट उलगड, कागद जुना आहे.

लांबी सत्तावन्न सेंटीमीटर. म्हणजे कंबरेच्या खाली येते, हे लक्षात ठेव. अंगात दोन बायका मावतील इतकी ढगळ. बाही बोटांच्या पुढे जाते. गळपट्टी, बाह्यांची टोकं आणि काखेखालची पट्टी वेगळ्या रंगाची. छातीवरचा बंद आखूड आणि अरुंद. ते जे हातभर लांब बंद पंख्याच्या वाऱ्यावर उडवता तुम्ही लोक, ते तेव्हा नव्हते. डोक्यावर सोन्याची फुलं नकोत. विधवा आहे ती, नवरी नव्हे.

आणि एक. थडग्यातून निघालेले सगळे कपडे रस्तावालीचे नव्हते. शवपेटीत मोकळी जागा राहू नये म्हणून घरच्यांनी आपापले कपडे आत कोंबलेले असतात. या जॉगोरीच्या शिवणीत तीन वेगवेगळे हात आहेत. कुणाचे, ते मला सव्वीस वर्षांत कळलं नाही. तेव्हा मुलाखतीत "ही अमक्या बाईची" वगैरे छातीठोक बोलू नकोस.

नावाचं म्हणशील तर घाल. पण कपडा या मापाचा असेल तरच. मापात बदल केलास तर माझं नाव काढायचं, मला विचारायचंही नाही.

जेवत जा वेळेवर.

मावशी

*

सोल, ६ एप्रिल

ती. मावशी,

उशीर झाला, रागावू नकोस. कपड्यांची पहिली चाचणी झाली. येरिननं जॉगोरी घातली, हात वर-खाली केले, बसली, उठली आणि म्हणाली, "यात श्वास घेता येतो." दिग्दर्शकही बघून गेले. एकूण सगळे समाधानी आहेत.

एक छोटी शंका आहे. सत्तावन्न म्हणजे सत्तावन्नच का? समजा चार बोटं कमी केली तर चालण्यासारखं आहे का? त्या काळात आखूडही एखादी असेलच की. तुझ्या आठवणीत एखादी असेल तर कळव. लवकर कळव.

सोदाम

*

हामचांग, ११ एप्रिल

सोदाम,

आखूड होत्या. त्यातली सर्वांत आखूड पन्नासची. चार बोटं कमी म्हणजे तेवढीच होते, तेव्हा शास्त्र म्हणून आडवं येत नाही. पण पन्नासच्या खाली जाऊ नकोस.

मला वाटतं तुझी खरी अडचण वेगळी आहे. तुला कापड पुरत नाही. पहिल्या कामात माणूस वरच्यांकडे जास्त मागायला लाजतो, मीही लाजायचे. म्हणून हामचांगच्या रेशमाचं एक थान उद्याच्या गाडीनं पाठवतेय. इथल्याच मागावरचं आहे, हातानं काढलेलं सूत. यंदा अधिक महिना आहे, मेल्यावर घालायचं वस्त्र त्यातच शिवतात, ते माझं शिवून ठेवायचं म्हणून दोन वर्षांपूर्वी घेतलं होतं. मला काही घाई नाही. तू वापर. माझ्यासाठी पुढच्या अधिकाला बघू.

कापताना कात्रीला धार असू दे. हे कापड बोथट कात्रीखाली सरकतं.

मावशी

*

मुनग्यॉन्ग, १५ मे

ती. मावशी,

थान मिळालं. काय लिहू, कळत नाही.

आम्ही आता मुनग्यॉन्गच्या चित्रीकरणाच्या गावात आहोत. तुझ्यापासून बसनं अर्ध्या तासावर, आणि तरी यायला जमत नाही. रोज सत्तर माणसांचे कपडे घालायचे आणि उतरवायचे. ५ जूनला पहिला भाग. तुझं नाव दिसेल.

सोदाम

*

हामचांग, ७ जून

सोदाम,

दोन्ही भाग पाहिले. घरी नाही, गावातल्या वृद्धांच्या खोलीत, सगळ्यांबरोबर. माझं नाव येणार म्हणून मीच सांगून ठेवलं होतं. आमच्या मंडळातल्या येचॉनवालीनं खास भोपळ्याची धिरडी करून आणली होती.

जॉगोरी सव्वीस सेंटीमीटरची आहे. मी पडद्यावरून सांगू शकते. बरगड्या संपायच्या आत संपते. बाही मनगटाला घट्ट. बंद गुडघ्यापर्यंत. विधवेच्या अंगावर फिक्या गुलाबी रंगाचं पोलकं आणि डोक्यात सोन्याचं फुलपाखरू. तू चार बोटं विचारली होतीस.

शेवटी नावं आली. 'वेशभूषा सल्लागार, प्यो ओकनाम.' बायकांनी टाळ्या वाजवल्या. येचॉनवाली म्हणाली, "किती बारीक आणि गोड दिसते गं ती पोर. सगळं तू सांगितलंस?" मी हो म्हणाले. काय म्हणणार होते?

काल सकाळी संग्रहालयातून फोन आला. आता तिथे जी मुलगी माझ्या जागी आहे, ती अदबीनं बोलत होती. "बाई, इंटरनेटवर प्रेक्षकांच्या फलकावर लोक लिहितायत की हे सल्लागार कोण, यांना सोळावं आणि एकोणिसावं शतक वेगळं कळतं का. आम्ही काय उत्तर द्यावं?" मी तिला म्हटलं, तुम्हाला जे खरं माहीत आहे ते द्या.

माझ्या थानाचं काय केलंस ते विचारत नाही. टीव्हीवर ओळखलं. दुसऱ्या भागात, विहिरीजवळ.

माझं नाव काढ.

ओकनाम

*

मुनग्यॉन्ग, ११ जून

ती. मावशी,

तू खाली 'मावशी' लिहिलं नाहीस. ते मी चारदा वाचलं.

काय झालं ते आता सरळ लिहिते. पहिल्या चाचणीला सगळे समाधानी होते, हे खोटं होतं. येरिन होती. कुकसाहेबही अर्धा दिवस होते. दुपारी वाहिनीचे साहेब आले, पडद्यावर बघितलं आणि म्हणाले, "ही गरोदर आहे का?" कुणीतरी हसलं. मग ते म्हणाले, "मला कळतं, हे खरं आहे. पण बघणाऱ्याला ही कोण वाटेल? त्याच्या डोक्यात जो जुना काळ आहे त्यातली ही नाही. तो दुसरीकडे जाईल." कुकसाहेब माझ्याकडे वळले. मला वाटलं, आता ते पहिल्या बैठकीतलं वाक्य म्हणतील. ते म्हणाले, "सोदाम, थोडी आखूड करता येईल?"

त्याच आठवड्यात मी तुला चार बोटांचं विचारलं. मला खरंच वाटलं होतं की चार बोटांत भागेल. चाराची आठ झाली, मग एकदाच काय ते सव्वीसवर आणा म्हणाले. एक्केचाळीस जॉगोऱ्या कापल्या. दुसऱ्या कुणाला कापू दिल्या नाहीत, सगळ्या मीच कापल्या. तोवर तुझं थान आलं. मी ते आठवडाभर उघडलं नाही. मग कापड खरंच कमी पडलं.

नाव मी काढू शकले असते. तू लिहूनच दिलं होतंस. पण वाहिनीला कुणीतरी जाणकार दाखवायचा होता. आणि मला, मावशी, एवढ्या मोठ्या पडद्यावर तुझं नाव बघायचं होतं. यातलं दुसरं कारण जास्त खरं आहे.

पाचव्या भागापासून नाव निघेल, तेवढं मी पदरात पाडून घेतलंय. बाहेर काही बोलायचं नाही असं करारात आहे. तुझ्याकडे कुणी बातमीदार आला तर तू सगळं सांग. माझं नाव घेऊन सांग.

सोदाम

*

हामचांग, १९ जून

सोदामला आशीर्वाद.

बातमीदार आला होता, शुक्रवारी. तिशीचा, नीटनेटका माणूस. बूट दाराशी जुळवून ठेवले. मी त्याला सातूचा चहा दिला. सगळं सांगायचं असं ठरवूनच बसले होते.

त्यानं पिशवीतून संग्रहालयाचं पुस्तक काढलं, रस्तावालीच्या जॉगोरीचं पान उघडलं आणि मालिकेतला फोटो शेजारी ठेवला. म्हणाला, "आजी, हे खरं आणि हे खोटं, असंच छापू ना?"

पुस्तकात जो फोटो आहे तो मी शिवलेल्या प्रतिकृतीचा आहे. हिरवी जॉगोरी, डाळिंबी गळपट्टी. तू लहान असताना काचेच्या पेटीत पाहिली आहेस. मी त्या पानाकडे बघत बसले आणि मला हो म्हणता येईना.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. थडग्यातून जे निघतं ते सगळं एकाच रंगाचं असतं, तपकिरी, तंबाखूच्या पानासारखं. माणसाचं शरीर त्यात विरघळलेलं असतं. मूळ रंग कळत नाही. रस्तावालीची गळपट्टी उसवताना मला आतल्या घडीत चार धागे मिळाले, ज्यांना काही लागलं नव्हतं. धुरकट निळे होते. मी ते कागदावर चिकटवून विभागप्रमुखांना दाखवले. ते वाईट माणूस नव्हते. म्हणाले, "ओकनाम, राखेच्या रंगाच्या कपड्यासमोर कोण थांबेल? उद्घाटनाला मंत्री येतायत. हिरवं कर. हिरवंही होतंच की त्या काळात." होतंच. मी हिरवं रंगवलं. पाटीवर 'प्रतिकृती' लिहिलं होतं, रंगाबद्दल काही लिहिलं नव्हतं. चार धाग्यांचा कागद मी फाईलला लावला. नंतर फाईल कुठे गेली, विचारलं नाही.

ते १९९१. तेव्हापासून पुस्तकांत हिरवी-डाळिंबी, शाळेच्या तक्त्यावर हिरवी-डाळिंबी. मी पाहिलं की मला बरंच वाटायचं. माझ्या हातचं होतं ना.

त्या माणसाला मी सांगितलं, लांबी पुस्तकातली खरी, मालिकेतली खोटी. रंग पुस्तकातलाही खरा नाही, आणि तो मी केला. त्यानं लिहिणं थांबवलं. म्हणाला, "आजी, हे घातलं तर वाचणाऱ्याचा गोंधळ होईल." मी म्हटलं, होऊ दे. तो चहा संपवून गेला. आजपर्यंत काही छापलेलं नाही.

तुझं नाव घेतलं नाही. घ्यायचं ठरवलं होतं, पण ते पान बघितल्यावर तुझ्याकडे बोट दाखवायचा हक्क वाटेना.

संग्रहालयाला मी वेगळं पत्र लिहिलंय. सव्वीस वर्षं उशिरा का होईना, माझं मी लिहिलं. तुझं काय ते तू बघ.

मावशी

*

मुनग्यॉन्ग, ४ जुलै

ती. मावशी,

तुझं पत्र दोन दिवस खिशात होतं. तिसऱ्या दिवशी मी प्रेक्षकांच्या फलकावर स्वतःच्या नावानं लिहिलं. सहा ओळी. की सल्लागारांनी सत्तावन्न सेंटीमीटरची बेतणी दिली होती, ती मी सव्वीसवर आणली, नाव काढायला त्यांनी आधीच सांगितलं होतं ते मी काढलं नाही, त्यांना दोष देऊ नका. वाहिनीचं, दिग्दर्शकांचं नाव घेतलं नाही. कात्री माझ्या हातात होती, तेवढंच लिहिलं.

तासाभरात निर्मात्यांनी बोलावलं. ओरडले नाहीत. म्हणाले, "ही मालिका पुरी कर, कारण एवढे कपडे दुसऱ्या कुणाला सापडणार नाहीत. पुढच्या वर्षीच्या कामातून तुझं नाव काढतोय. आणि मी इतरांनाही सांगणार, हे तुला माहीत असावं." मी बरं म्हटलं. 

यानंतर जे झालं ते मी ठरवलेलं नव्हतं. येरिननं ते सहा ओळींचं वाचलं आणि कपड्यांच्या खोलीत आली. "ती पहिली जॉगोरी कुठेय?" मी म्हटलं, कापली. "सगळ्या?" सगळ्या. ती तिथेच ट्रंकेवर बसली. म्हणाली, "गेले तीन महिने मी हात वर केला की काख उसवते. शेवटच्या भागात मला कचेरीत नवऱ्याच्या जखमा अंगावर दाखवायच्यात, कुठे कुठे मारलं ते. हात वर केल्याशिवाय कसं दाखवू?" मग सरळ कुकसाहेबांकडे गेली. आत काय बोलली माहीत नाही. कुकसाहेब बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेवटच्या भागाला लांब शिव. एकच. वाहिनीशी मी बोलतो."

मावशी, कापड नाही. पण कापलेले तुकडे मी टाकले नव्हते. तुझ्या थानाचेही आहेत. जोड देऊन लांबी भरून निघते, मी मांडून पाहिलं. आणि तिला हिरवं घालायचं नाही. तो धुरकट निळा मला काढता येत नाही.

येशील का?

सोदाम

*

हामचांग, ८ जुलै

सोदाम,

गुरुवारी सकाळी आठच्या बसनं येते. ताजी, पानांची नीळ मिळवून ठेव, बाटलीतली नको. मोठं पातेलं, राखेचं गाळलेलं पाणी, आणि पांढऱ्या सुताचं एक रीळ. कापडाचे तुकडे आदल्या दिवशी पाण्यात घालून वाळव, नाहीतर एकेक तुकडा वेगळा रंग घेईल.

जोडाची काळजी नको. रस्तावालीच्या अस्तरालाही जोड होते.

तुझ्या त्या निर्मात्यांबद्दल मला काही सांत्वनाचं सुचत नाही. सुचलं तर सांगीन.

मावशी

*

मुनग्यॉन्ग, २२ जुलै

ती. मावशी,

काल कचेरीचा तो प्रसंग झाला. तू त्या गुरुवारी पातेल्याजवळून उठलीच नाहीस, म्हणून इथे सगळ्यांना तू 'नीळवाली आजी' म्हणून माहीत झालीयेस.

जॉगोरी घालून येरिन अंगणात उभी राहिली तेव्हा वाहिनीचे साहेब आलेच होते. वाकून बघितलं. "जोड दिसतोय पाठीवर." मी काही बोलायच्या आत येरिन म्हणाली, "सात वर्षं कचेरीत खेटे घालतेय मी, साहेब. जोड दिसणारच."  कुकसाहेबांनी कॅमेरा पाठीमागून लावला.

प्रसंग एकदाच घेतला. तिनं हात वर करून बरगड्यांवर बोट ठेवलं, मग खांद्यावर, मग मानेवर. बाही पार दंडापर्यंत घसरली. मी नेहमी खटकणारं काही आहे का ते बघत असते. काल बघायचं राहून गेलं.

परवा आणि तेरवा, सोमवारी आणि मंगळवारी, शेवटचे दोन भाग. पुढचं काम नाही. एका विवाह-पोशाखांच्या दुकानात विचारलंय.

तुझं नाव पुन्हा घालू का, हे तुला विचारून ये असं कुकसाहेब म्हणाले. मी विचारतेय, एवढंच.

सोदाम

*

हामचांग, २७ जुलै

सोदामला आशीर्वाद.

नावाचं उत्तर द्यायला पत्र वेळेत पोचलं नसतं, आणि फोन मी मुद्दाम केला नाही. नाव नव्हतं तेच बरं झालं. रंगाचं मला जे माहीत आहे ते चार धाग्यांपुरतं आहे. तेवढ्यावर नाव लावू नये.

संग्रहालयाचं उत्तर आलं. पुस्तक आता छापत नाहीत, म्हणून त्यात दुरुस्ती होणार नाही. पाटी बदलतायत. तिथल्या त्या मुलीनं मजकूर मला आधी दाखवला. 'मूळ रंग निश्चित माहीत नाही. हिरवा रंग प्रतिकृती करताना निवडलेला आहे.' निवडला कुणी, ते तिनं लिहिलं नव्हतं. मी लिहायला सांगितलं. फाईलही सापडली म्हणते. कागद आहे, त्यावर गोंदाचा डाग आहे, धागे नाहीत.

दुकानात मिळालं तर जा. लग्नाच्या कपड्यांत पोरींना काय हवं असतं ते ऐकायची सवय होईल तुला. नाही मिळालं तर इथे ये. रेशमाच्या गिरणीत नमुने कापायला माणूस हवंय, मी विचारून ठेवलंय. त्यात कमीपणा मानू नकोस.

आता मंगळवारचं. वृद्धांच्या खोलीत आम्ही अकरा जणी होतो. पंखा एकच, म्हणून सगळ्या एका बाजूला सरकून बसलेल्या. कचेरीचा प्रसंग आला. येरिन आत आली, ढगळ, जाडजूड, आपल्याच कुणीतरीसारखी. मी बायकांकडे बघत होते, टीव्हीकडे नाही. आता कुणीतरी म्हणेल, अगं ही एवढी सुटली कशी, म्हणून वाट बघत होते. कुणी काही बोललं नाही. तिनं बरगड्यांवर बोट ठेवलं तेव्हा येचॉनवालीच्या हातातली कलिंगडाची फोड तशीच राहिली, पाणी गळून चटईवर डाग पडला.

संपल्यावर भांडण जुंपलं. अर्ध्या म्हणत होत्या, त्या तुरुंगाधिकाऱ्याला आणखी शिक्षा हवी होती. अर्ध्या म्हणत होत्या, त्याला वरून हुकूम होता, वरच्याला का सोडलं. आवाज इतका चढला की शेजारच्या खोलीतून म्हातारे बघायला आले.

मला राहवेना. निघताना चपला घालता घालता मी येचॉनवालीला विचारलं, "शेवटी तिनं घातलं काय होतं गं?"

ती म्हणाली, "काय म्हणजे? कपडे."

एवढंच कळवायचं होतं.

मावशी